जुन्या पिकअपमधली दुसरी बॅटरी : कोणता भाग कशासाठी आणि तो कसा ओळखायचा

विदर्भात वरुड-मोर्शीकडे संत्र्याची, वणी-हिंगणघाटकडे कापसाची आणि जवळपास प्रत्येक तालुक्यात आठवडी बाजाराची भाडी मारलेली जुनी पिकअप विकत घेतली, की बोनेटखाली किंवा हौद्याच्या पोटाला बऱ्याचदा एक जास्तीची बॅटरी सापडते. आधीच्या मालकाने ती दुकानाच्या दिव्यांसाठी, भोंग्यासाठी, इन्व्हर्टरसाठी, नाहीतर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखायच्या रात्रीच्या जागलीसाठी बसवून घेतलेली असते. बॅटरी कुणालाही ओळखू येते. अडतं ते दोन बॅटऱ्यांच्या मधल्या सामानावर. एक काळा गोल डबा, पात्या-पात्यांची ॲल्युमिनियमची पेटी, दोन-तीन चौकोनी रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), टेपमध्ये गुंडाळलेला फ्यूज आणि चार रंगांच्या वायरी. यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे प्रत्येक भागाचं काम कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

पहिली गोष्ट, रंगावर भरवसा ठेवू नका. कंपनीच्या वायरिंगमध्ये रंगांना अर्थ असतो. नंतर बसवलेल्या वायरिंगमध्ये मात्र त्या दिवशी दुकानात जो गुंडाळा होता तो वापरलेला असतो. लाल वायर थेट चेसिसला अर्थ केलेली (म्हणजे मायनस म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली) आणि काळी वायर प्लसवर, असंही आढळतं. म्हणून भाग ओळखायचा तो त्याच्या कामावरून. चाबी काढलेली असताना, चाबी ऑन करून इंजिन बंद असताना आणि इंजिन चालू असताना तो काय करतो, एवढं मीटरने पाहिलं की बहुतेक सगळं उलगडतं. साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, पान्यांचा संच, खडू आणि कागद-पेन एवढं सामान पुरतं.

हात घालण्याआधी

दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे एक जास्तीचीच असेल असं नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जाडजूड पट्टीने किंवा वायरने जोडलेला असेल, तर ती २४ व्होल्टची जोडणी आहे. मोठ्या ट्रकवर ती असते. आपण बोलतोय ती १२ व्होल्टच्या गाडीची जोडणी: दोन्ही मायनस चेसिसला आणि प्लस-प्लसच्या मधे काहीतरी बसवलेलं. खात्री करायला पुढच्या बॅटरीच्या प्लसपासून मागच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजा. साधारण १२ ते १३ आलं, तर समांतर जोडणी. २४ च्या आसपास किंवा शून्याजवळ आलं, तर सिरीज आहे. मग पुढचं काही इथे लागू नाही.

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. वायर सोडवायची असेल तर दोन्ही बॅटऱ्यांची मायनस आधी काढा. एकीचीच काढली तर दुसरी त्याच वायरीत जिवंत करंट ठेवते, आणि नवख्याचा पाना नेमका तिथेच चेसिसला टेकतो. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर शेकडो अँपियरचा शॉर्ट होतो. बॅटरीवर हायड्रोजन साचलेला असला तर ती फुटूही शकते.

जाड वायरीचा माग

पुढच्या बॅटरीच्या प्लसवरून किती वायरी निघतात ते मोजा. सगळ्यांत जाड वायर सेल्फकडे, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडे जाते. दुसरी बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोच्या मोठ्या बोल्टकडे, म्हणजे बी-प्लसकडे जाते. काही गाड्यांत ती सेल्फच्याच बोल्टवर येऊन मिळते. तिसरी फ्यूज बॉक्सकडे. डिझेल इंजिनला हीटर प्लग असतील तर त्यांच्या रिलेलाही एक जाड वायर असते. तो रिले पाहून फसू नका. त्याची बाहेर जाणारी वायर इंजिनच्या हेडवरच्या प्लगांना जाते, मागे नाही. या सगळ्या वगळून जी जाड वायर उरते, ती दुसऱ्या बॅटरीची.

ती वायर बोटांत धरून चालत जा. नजरेने माग काढू नका, कारण क्लिपखाली आणि टेपमध्ये वायर बदललेली असते. ज्या भागावर ती थांबेल त्याला खडूने १ लिहा, पुढच्याला २. काळ्या मातीच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत वायरीवर चिखलाचं कवच असतं. ते ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय जोड दिसत नाही, आणि जोड हाच खराब व्हायचा पहिला भाग.

काळा गोल डबा

हा सोलेनॉइड. चहाच्या ग्लासाएवढा, दोन्ही बाजूंना तांब्याचे जाड बोल्ट, मधे एक किंवा दोन बारीक स्क्रू. आत तारेची गुंडाळी असते. बारीक स्क्रूवर १२ व्होल्ट आले की गुंडाळी लोखंडी दांडा ओढते, तांब्याची चकती दोन्ही बोल्टांवर बसते आणि दोन बॅटऱ्या जोडल्या जातात. 'टक्' असा आवाज येतो तो तेव्हाच.

दिसायला अगदी सारखे असे दोन सोलेनॉइड बाजारात मिळतात, आणि निम्म्या तक्रारी त्या गोंधळातून येतात. एक सतत चालण्यासाठी बनवलेला असतो. दुसरा सेल्फचा, काही जुन्या ट्रॅक्टरवर आणि जीपवर वेगळा बसवलेला मिळतो तो. तो पाच-दहा सेकंदांच्या कामासाठी असतो. बाहेरून फरक कळत नाही, गुंडाळीचा ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजला की कळतो. दोन्ही बॅटऱ्यांची मायनस काढा आणि बारीक स्क्रूंच्या वायरी सोडवा. मीटर सर्वांत लहान ओहमवर ठेवा. १५ ओहमच्या आसपास आलं, तर सतत चालणारा. तीन ते पाच ओहम आलं, तर सेल्फचा.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते आकड्यांत पाहा. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्ट असतात. १५ ओहमची गुंडाळी साधारण ०.९ अँपियर घेते, म्हणजे १३ वॅट उष्णता. डबा हाताला गरम लागेल. ते ठीक आहे. ४ ओहमची गुंडाळी साडेतीन अँपियर घेते, म्हणजे ४९ वॅट. हेडलाइटचा बल्ब बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखं ते आहे. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, बोनेटखाली आधीच भट्टी असते. वणी ते नागपूर एका दमात गाडी मारली की गुंडाळीचं वार्निश जळतं. जळक्या वार्निशचा उग्र वास आणि डब्याच्या काळ्या झाकणाला गेलेली बारीक तडा दिसली, तर हेच झालं असं समजा. असा सोलेनॉइड दुरुस्त करत बसू नका, योग्य जातीचा बसवा.

आता बारीक स्क्रू. एकच असेल तर गुंडाळीचं दुसरं टोक डब्याच्या पत्र्यातून अर्थ होतं. डबा रंगावर किंवा लाकडी फळीवर बसवलेला असेल तर तो काम करणार नाही. नट-बोल्टाखालचा रंग घासून काढावा लागतो. दोन स्क्रू असतील तर दोन शक्यता आहेत. दोन्ही स्क्रूंच्या मधे १५ ओहम मिळाले, तर ती गुंडाळीची दोन टोकं. एकाला प्लस, एकाला अर्थ. दोघांमध्ये काहीच मिळालं नाही, पण एका स्क्रूपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत तीन-चार ओहम मिळाले, तर तो सेल्फचा सोलेनॉइड आहे. त्याचा दुसरा स्क्रू आतल्या चकतीला लागतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत सेल्फ मारताना इग्निशन कॉइलला थेट करंट देण्यासाठी तो असे. त्याला चुकून अर्थ जोडला, तर सोलेनॉइड लागला रे लागला की थेट शॉर्ट होतो.

पात्यांची पेटी आणि आपोआप लागणारा रिले

ॲल्युमिनियमच्या पात्या असलेली, तीन बोल्टांची पेटी म्हणजे डायोड आयसोलेटर. मधल्या बोल्टवर डायनॅमोची वायर येते, बाजूच्या दोनांवरून एकेक बॅटरी निघते. आत करंटला एकेरी रस्ता असतो: डायनॅमोकडून बॅटरीकडे जातो, परत येत नाही. चाबी नाही, रिले नाही, हलणारा भाग नाही. पण या रस्त्याचा टोल आहे ०.६ ते ०.७ व्होल्टचा. मधल्या बोल्टवर १४.२ असेल तर बॅटरीवर साडेतेरा पोचतात, आणि बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. पेटी तपासायची तर तिन्ही वायरी सोडवून मीटर डायोडवर ठेवा. मधून बाजूला ०.४ ते ०.६ दाखवलं आणि उलट धरल्यावर काहीच नाही दाखवलं, तर चांगली. दोन्हीकडून आकडा आला, तर डायोड शॉर्ट. दोन्हीकडून काहीच नाही, तर तुटला.

तिसरा प्रकार व्होल्टेज पाहून लागणाऱ्या रिलेचा. काळ्या प्लास्टिकची डबी, दोन जाड बोल्ट, एक बारीक काळी वायर आणि बहुतेक वेळा एक छोटा दिवा. पुढच्या बॅटरीवर १३.३ च्या वर व्होल्टेज गेलं की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या आसपास खाली आलं की तोडतो. बारीक काळी वायर अर्थची असते. ती निघाली तर डबी मुकी होते, आणि पुष्कळदा एवढ्यावरून चांगली डबी फेकली जाते. इंजिन लावल्यावर दिवा लागायला थोडा वेळ जातो. तेवढं थांबा.

फ्यूज, ब्रेकर, छोटे रिले

इथे चूक सगळ्यांत महाग पडते. साध्या वायरिंगमध्ये करंट एका टोकाकडून येतो, म्हणून एक फ्यूज पुरतो. इथे वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठेही वायर चेसिसवर घासली तर दोन्हीकडून करंट धावतो. म्हणून दोन फ्यूज हवेत, प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात एक. मागच्या बॅटरीजवळचा फ्यूज नसतोच, असं फार गाड्यांत आढळतं. वर कापूस भरलेला, खाली १०० अँपियर-तासाच्या बॅटरीतून निघालेली बिनफ्यूजची वायर हौद्याच्या कडेला घासतेय, ही जोडणी एक दिवसही ठेवू नये. शॉर्ट झाल्यावर ती वायर लालबुंद होते, आणि कापूस पेटायला तेवढं फार झालं.

फ्यूज ओळखणं सोपं. पारदर्शक झाकणाखाली दोन बोल्टांत आवळलेली धातूची पट्टी म्हणजे मोठा फ्यूज. पट्टीवर ६०, ८०, १०० असा आकडा ठोकलेला असतो. काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी आणि दोन बोल्ट असतील तर तो सर्किट ब्रेकर. त्याचा एक बोल्ट बहुतेक वेळा तांबूस, एक रुपेरी असतो. तांबूस बॅटरीकडे, रुपेरी बाहेर. शॉर्ट असताना तो 'टिक… टिक…' करत तुटतो आणि पुन्हा लागतो. तो आवाज ऐकू आला तर ब्रेकर ठीक आहे, खोट पुढे कुठेतरी आहे. तिसरा प्रकार फ्यूज लिंकचा, मुख्य वायरीपेक्षा बारीक असा मुद्दाम लावलेला तुकडा. दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. रबरासारखा ताणला गेला, तर आतली तार वितळलेली आहे, वरचं आवरण शाबूत दिसत असलं तरी.

चौकोनी छोट्या रिलेच्या तळाशी ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही गुंडाळी, ८० ते १०० ओहमची. ३० वर आत येणारा करंट, ८७ वरून बाहेर. ८७ए असेल तर रिले सुटलेला असताना करंट तिकडून जातो. यातल्या ४० अँपियरच्या रिलेवरून दोन बॅटऱ्या थेट जोडलेल्या असतील तर तो काढा. उतरलेली बॅटरी पहिल्या काही मिनिटांत त्याहून जास्त करंट ओढते, आणि त्याच्या आतले कॉन्टॅक्ट वेल्डिंग केल्यासारखे चिकटतात. सोलेनॉइडला चालू करणारा नोकर म्हणून मात्र हाच रिले फार चांगला.

तीन वेळा मीटर लावा

आता बॅटऱ्या परत जोडा. चाबी काढून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज कागदावर लिहा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, अर्धी १२.२ च्या आसपास. पुढे १२.६, मागे १२.३ असा फरक दिसला तर दोघी वेगळ्या आहेत, चांगली खूण. दोन्हीकडे हुबेहूब सारखा आकडा असेल तर मागच्या बॅटरीवर हेडलाइटचा बल्ब लावा. पुढचा आकडाही सोबतच उतरला, तर सोलेनॉइड चिकटलेला आहे आणि रात्रभर दिवे लावलेत तर सकाळी सेल्फ घेणार नाही.

मग चाबी ऑन, इंजिन बंद. 'टक्' झालं आणि दोन्ही आकडे एक झाले, तर सोलेनॉइडला करंट चाबीकडून येतो. ही जोडणी स्वस्तात होते म्हणून सगळीकडे दिसते, पण तिच्यात एक खोट आहे. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच असतात. डिझेलचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपियर ओढतो, त्यातला मोठा वाटा मागच्या बॅटरीतून त्या मधल्या वायरीने येऊ पाहतो आणि ६० चा फ्यूज उडतो. 'फ्यूज टिकत नाही' म्हणून कुणीतरी तिथे तारेचा तुकडा गुंडाळतो. आगीची सुरुवात त्या तुकड्यात असते.

शेवटी इंजिन चालू, थोडी रेस. पुढे १३.८ ते १४.४ यायला हवेत, मागे त्याच्या किंचित खाली. मागे काहीच चढलं नाही तर माग काढत चला: सोलेनॉइडच्या बारीक स्क्रूवर १२-१४ व्होल्ट आहेत का, आत येणाऱ्या बोल्टवर आहेत का, बाहेरच्यावर आहेत का. स्क्रूवर आहेत पण 'टक्' नाही, तर गुंडाळी किंवा तिचा अर्थ गेला. 'टक्' होतं पण बाहेरच्या बोल्टवर चार्जिंगचं व्होल्टेज येत नाही, तर चकती जळाली.

चाबीऐवजी करंट घ्यायची बरोबर जागा डायनॅमोवर आहे. बी-प्लसच्या शेजारी एक बारीक वायर असते, तिला डी-प्लस किंवा एल म्हणतात. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा तिच्यावरच चालतो. चाबी ऑन असताना तिच्यावर एक-दोन व्होल्ट, इंजिन लागल्यावर १४ च्या आसपास. असं वागणारी वायर म्हणजे तीच. सोलेनॉइड थेट तिच्यावर टाकू नका, एक अँपियर तिला जड जातो. ती छोट्या रिलेच्या ८६ ला द्या आणि ८५ अर्थ करा. ३० ला चाबीनंतरचा फ्यूज असलेला करंट द्या, ८७ वरून सोलेनॉइडचा बारीक स्क्रू. इंजिन खरोखर चार्ज करू लागल्यावरच बॅटऱ्या जुळतील.

वायरीची जाडी आणि अर्थ

पुढून मागे चार मीटर वायर आणि ४० अँपियर करंट धरा. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.४६ व्होल्ट वाटेतच संपतात, १६ मध्ये ०.१७, २५ मध्ये ०.११. म्हणून १६ च्या खाली जाऊ नका. तिला ६० ते ८० चा फ्यूज, २५ ला १०० चा. प्रत्यक्षात किती गळती होते ते पाहायला इंजिन चालू ठेवून मीटरची लाल पिन पुढच्या प्लसवर आणि काळी मागच्या प्लसवर ठेवा. ०.३ पर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर एकेक जोड ओलांडत मोजा. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये ०.१ पेक्षा जास्त येऊ नये.

मायनसचीही तीच परीक्षा घ्या: पुढच्या मायनसपासून मागच्या मायनसपर्यंत. हौद्याचा पत्रा अर्थ म्हणून वापरलेला असेल तर इथे हमखास आकडा मोठा येतो. हौदा आणि चेसिस यांच्या मधे रंग, गंज आणि कधी रबराचे तुकडे असतात. मायनस थेट चेसिसच्या दांड्यावर, रंग खरवडून, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची भोकाची धातूची पट्टी) लावून आवळा. युरियाची पोती वाहणाऱ्या गाडीत तांब्यावर हिरवा थर फार लवकर चढतो. तो घासून वर ग्रीस लावा. थिंबल दाबणीच्या पकडीनेच दाबा. हातोडीने चेपलेलं थिंबल काही महिन्यांत सैल होतं आणि गरम होऊ लागतं.

सगळं ठीक असून बॅटरी उतरते तेव्हा

हिशेब करून पाहा. बाजारात ३० वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर दहा अँपियर गुणिले पाच, म्हणजे ५० अँपियर-तास गेले. परत येताना दहा किलोमीटर, अर्धा तास. वीस अँपियरने भरली तरी १० अँपियर-तास आले. उरलेले ४० कुठून येणार? इथे सोलेनॉइड बदलून काही होत नाही. घरी आल्यावर चार्जर लावा, किंवा दिवे कमी वॅटचे घ्या. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकली तरी हेच होतं, तिला पूर्ण भरायला डायनॅमोचं व्होल्टेज थोडं कमीच पडतं. आणि पाणी घालायची कोणतीही बॅटरी केबिनमध्ये सीटमागे ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर पाहा, कारण इकडच्या ४५ अंशांत प्लेटा लवकर उघड्या पडतात.

दुसरी बॅटरी काही महिन्यांसाठी काढायची असेल, तर मागची वायर नुसती टेप लावून सोडू नका. पुढचं टोक पुढच्या फ्यूजवरून सोडवा, म्हणजे अख्खी वायर मेलेली राहील. तुम्ही काढलेला नकाशा, खडूच्या आकड्यांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. त्यावर प्रत्येक फ्यूजचा आकडा आणि सोलेनॉइडचा मोजलेला ओहम लिहायला विसरू नका.